तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन का सोडलं?

२०२४ मध्ये आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १०,००० पोरं तिकडे कामाला पाठवायचं ठरलं आणि माझ्यामागे साडेसाती लागली. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालासुद्धा तोच प्रश्न: "तू तर शाळेत जर्मन घेतलं होतंस की! का सोडलंस गं?"

माझं ठरलेलं उत्तर आहे, "अकरावीला लातूरला गेले, तिथं जर्मन नव्हतं." लातूर म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. उत्तर खोटं नाही. अर्धं आहे.

मला ते जमत नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. मॅडम तीन पेनांनी शब्द लिहायला लावायच्या: डेअर म्हणजे 'तो' निळ्याने, डी म्हणजे 'ती' लालने, डास म्हणजे 'ते' हिरव्याने. तीन लिंगांचं आपल्याला काय कौतुक! पण मुलगी हिरव्या पेनाने, डास मेडशन, म्हटल्यावर वर्ग खिदळला. मॅडम म्हणाल्या, शेवटी 'शन' लागलं की शब्द लहानगा होतो आणि नपुंसकलिंगी होतो. मला आजीचं लेकरू आठवलं. वासरू, कोकरू, पाखरू, सगळी 'ते'च. त्या दिवशी ती भाषा मला घरातली वाटली.

दहावीच्या जानेवारीत शाळेत एक जर्मन पाहुणे आले, वाळूजच्या कुठल्याशा कंपनीत मशीन बसवायला आलेले. सरांनी मला स्टेजवर ढकललं. पाहुण्यांनी वाकून, अगदी सावकाश विचारलं, "वोहेर कोम्स्ट डू?" तू कुठली? पहिल्या धड्यातलं वाक्य. आणि माझ्या तोंडून 'माइने फामिलिए' हा निबंध सुरू झाला. वडील, आई, कुत्रा. (आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता, तो गाईडमधला.) त्यांनी मधेच काहीतरी विचारलं, मी कुत्र्याचा रंग सांगत राहिले. संपल्यावर अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात बाबांनी, मागच्या भिंतीला टेकून. काय झालं ते तिघांनाच कळलं होतं. पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. मॅडम खाली बघून माइकची वायर गुंडाळत होत्या.

जूनमध्ये बाबाच म्हणाले होते, "इथंच औरंगाबादला राहा, जर्मन ठेव." लातूरचा हट्ट माझा. फॉर्मवर दुसऱ्या भाषेच्या जागी आयटीवर खूण मी केली, स्कोरिंग आहे म्हणून. बाबा अजून चारचौघांत म्हणतात, "मीच पाठवलं पोरीला लातूरला, चुकलं माझं." मी दुरुस्त करत नाही.

पंधरा वर्षांच्या लेकराला काय दोष द्यायचा, असं मी स्वतःला सांगते. मग आठवतं, मॅडम सुट्टीत घरी फुकट शिकवते म्हणाल्या होत्या. त्यांना एक फोन करता आला असता. पण ठेवलं असतं तरी काय? बारावीपर्यंत आणखी चार कुत्रे पाठ केले असते. काय की.

परवा भाचीचा फोन आला. दहावी झाली, अकरावीचा फॉर्म भरतेय. "मावशी, जर्मन ठेवू का सोडू?"

मी विचारलं, "वोहेर कोम्स्ट डू?"

"आउस सिडको," ती पटकन म्हणाली. "आता सांग ना, ठेवू का सोडू?"