फळीवरची शिराझ

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये गेली सात वर्षे वाईनची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंदाच्या जानेवारीत नाशिकची एकच शिराझ ही लाल वाईन आमच्याकडे तीन वेळा परत आली. "शिजवल्यासारखी लागते," असे एका ग्राहकाने सांगितले आणि त्याचे म्हणणे खरे होते. एरवी तिला जांभळाची आणि मिऱ्याची जी चव असते तिच्या जागी मुरंब्याचा जड वास येत होता. मी वितरकाला खोचक पत्र लिहून त्या तिन्ही बाटल्या परत पाठवल्या. पुढे फेब्रुवारीत ती शिराझ बनवणाऱ्या वायनरीनेच ठाणे आणि नवी मुंबईतील रेस्टॉरंटमध्ये वाईनचे काम करणाऱ्या आम्हा आठ जणांना द्राक्षांची तोडणी पाहण्यासाठी बोलावले, तेव्हा त्याच खोक्यातली एक बाटली मी पुराव्यादाखल पिशवीत घातली.

रात्री काम आटोपून, काही जण तर गणवेशातच, आम्ही माजिवड्याहून निघालो. कसारा घाट झोपेत गेला. दिंडोरीकडच्या एका बागेपाशी उतरलो तेव्हा उजाडले नव्हते, आणि ठाण्यात स्वेटरची सवयच नसल्याने आम्ही सगळेच कुडकुडत होतो. डोक्याला दिवे बांधलेल्या बायका घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या. फळ गार असतानाच वायनरीत पोहोचले तर रस लवकर काळवंडत नाही आणि त्याचा वासही टिकतो, म्हणून ही पहाटेची घाई.

बागेची देखरेख करणाऱ्या काकांना मी विचारले, की वेल हिवाळ्यात झोपते असे आम्ही शिकलो, मग येथे ती हिवाळ्यात फळ कशी देते. "ताई, आमची वेल झोपतच नाही," असे म्हणून त्यांनी एक काडी हातात धरून दाखवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतरच्या उन्हात नवी काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे धरतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, गोडी छाटणी होते आणि त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात. छाटण्या दोन, पीक मात्र एकच, कारण पावसात घड धरला तर डाऊनी हा बुरशीचा रोग त्याला सोडत नाही. थंडीच्या महिन्यांत दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. काकांनी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या उपकरणावर, रसाचा थेंब टाकून मला बघायला दिला. साखर 23 ब्रिक्स होती, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण 23 ग्रॅम; यीस्टने ती पूर्ण खाल्ली तर साधारण 13 टक्के अल्कोहोल. "वाईन गोड आहे ना?" असे विचारणाऱ्या ग्राहकांना ती साखर कुठे जाते हे मी आजवर कधीच इतक्या सोपेपणाने सांगू शकले नव्हते. काकांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली: बिया आणि जाड सालीमुळे ही द्राक्षे खायच्या बाजारात चालत नाहीत, तेव्हा वायनरीने माल नाकारला तर शेतकऱ्यापुढे दुसरे गिऱ्हाईक उभे राहत नाही.

दुपारी वायनरीच्या तळघरात मी माझी बाटली काढली. वाईनमेकरनी काही न बोलता त्याच तुकडीची, त्यांच्याकडे राखून ठेवलेली बाटली शेजारी आणून ठेवली. माझ्या बाटलीचे वेष्टन काढल्यावर कॉर्क तोंडाच्या किंचित वर सरकलेले दिसले आणि त्याच्या कडेने वाईन झिरपल्याचा चिकट ओघळ दिसला. पेल्यात तिची कड विटकरी झाली होती. त्यांच्या पेल्यात मात्र जांभळट रंग, जांभूळ आणि मिरे. "ही कुठे ठेवली होती?" एवढेच त्यांनी विचारले.

आमच्या बारच्या मागे काचेची फळी आहे, तिच्यावर. वर दिवे आणि खाली कॉफीचे यंत्र. मध्यरात्रीनंतर एसी बंद होतो, तो संध्याकाळी पाचलाच सुरू होतो. उष्णतेने वाईन फुगते आणि कॉर्क ढकलते, हे मी नवीन मुलांना दरवर्षी शिकवते. सोबतचे सातही जण पेल्यात बघत होते, माझ्याकडे कोणीच बघत नव्हते, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी त्या फळीवर तापमापक ठेवला. 36 अंश. उरलेल्या पाच बाटल्या स्वयंपाकघरात रस्सा करायला दिल्या. फळी मोकळी दिसू नये असा मालकांचा आग्रह असल्याने तेथे रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि भरलेल्या सगळ्या खालच्या थंड कपाटात हलवल्या. मग वितरकाला दुसरे पत्र लिहायला बसले. परत केलेल्या तीन बाटल्यांचे पैसे आम्ही भरू, असे त्यात होते. "एवढे लिहायलाच हवे का?" असे मालकांनी विचारले. मी तोवर सही केली होती.