सिगारच्या पेटीतला भुंगेरा : माझा अनुभव

ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगारी ओलसर हवेत जपून ठेवायच्या पेटीच्या, तळाशी सांडलेली बारीक तपकिरी भुकटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो पानांचा चुरा असावा, असेच मला वाटले. सिगारी वरखाली करताना थोडाफार चुरा पडतोच. पण त्या जागेवरची सिगार उचलून उजेडात फिरवली, तेव्हा तिच्या गुळगुळीत वेष्टनावर टाचणीने टोचल्यासारखे एक नेटके गोल भोक दिसले आणि ती कागदावर हलकेच आपटताच त्या भोकातून तशीच भुकटी गळली. सात वर्षे जपलेली ती सिगार होती. मला फार वाईट वाटले.

हा तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. लांबीला जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर, रंगाने तांबूस तपकिरी, पाठ कुबड आल्यासारखी आणि डोके खाली दडलेले. बोट लावले की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. मात्र खरी नासाडी करते ती त्याची अळी. मादीने घातलेली अंडी इतकी लहान असतात की पानावर ती नजरेला पडत नाहीत, आणि त्यांतून निघालेली पांढरट, केसाळ अळी पुढचे कित्येक आठवडे आतून पान पोखरत राहते. भोक म्हणजे ती आत शिरल्याची खूण नसून, कोषातून निघालेला पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडल्याची खूण असते, हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण ज्या सिगारींना भोक नव्हते त्याही निर्धोक आहेत असे आता म्हणता येत नव्हते.

चूक माझीच होती. आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान राहावी म्हणून मी रोज आर्द्रतामापक पाहत असे, पण त्याच काट्याशेजारचे तापमान उन्हाळाभर 28 अंशांवर गेलेले असताना त्याची मी पर्वा केली नाही. उष्णता वाढली की अंडी भराभर उबतात. 20 अंशांच्या खाली ही वाढ फार मंदावते. पेटीच्या आतल्या सीडर लाकडाचा वास किडीला दूर ठेवतो या समजावरही मी विसंबून राहिलो होतो, आणि तो माझ्या पेटीत तरी खोटा ठरला.

सगळ्या 62 सिगारी पांढऱ्या कागदावर मांडून, एकेक विजेरीच्या उजेडात तपासायला एक अख्खी संध्याकाळ गेली. नऊ पोखरलेल्या निघाल्या. त्यांतली एक मी पात्याने उभी चिरली : आत वेडावाकडा बोगदा, तो भुकटीने ठासून भरलेला, आणि टोकाशी बाकदार होऊन पडलेली एक अळी. त्या नऊही पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये गोठवल्या आणि मगच टाकून दिल्या, कारण पुरा वाढलेला भुंगेरा उडतो आणि त्याच्या अळ्या वाळलेल्या पानांपासून मसाल्यांपर्यंत बऱ्याच गोष्टींवर पोसतात.

कीटकनाशकाचा तर विचारही करायचा नव्हता. जी वस्तू जाळून तिचा धूर तोंडात घ्यायचा, तिच्यावर फवारणी कशी करणार? उरलेल्या 53 सिगारी हवा काढलेल्या दुहेरी पिशव्यांत घालून मी एक दिवस साध्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मग फ्रीझरमध्ये हलवल्या. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. फ्रीझरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता मी आत तापमापक ठेवला, तर तो उणे 14 दाखवत होता. खटका फिरवून उणे 20 पर्यंत आणल्यावरच मी दिवस मोजायला सुरुवात केली. पाच दिवसांनी पिशव्या पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि त्यानंतर एक दिवस बाहेर, पण न उघडता. पिशवी थंड असतानाच उघडली तर हवेतले बाष्प थेट पानावर जमते, आणि गारवा एकदम उतरला तर वेष्टन तडकते. एवढे सांभाळूनही दोन सिगारींची वेष्टने उकललीच.

तोवर पेटी पूर्ण रिकामी करून, कोपरे आणि सांधे मऊ ब्रशने झाडून, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घेतली. शेजारी गंधाचा चिकट सापळाही लावला. मादीच्या गंधाने त्याच्याकडे फक्त नर येतात, त्यामुळे किडीचा बंदोबस्त त्याने होत नाही. ती अजून आहे की नाही, एवढे मात्र कळते. पहिल्या पंधरवड्यात त्यावर चार नर चिकटले, नंतर एकही नाही.

आता पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत असते आणि तिच्या तळाशी पांढरा कागद अंथरलेला असतो, म्हणजे चिमूटभर भुकटीही लपत नाही. नवी सिगार या सगळ्या दिवसांतून गेल्याशिवाय आत जात नाही. गेल्या आठवड्यात आलेल्या दहा सिगारींचा फ्रीझरमधला आज तिसरा दिवस आहे.