3.12 च्या खिंडीत अडकलेले दोन दिवस : पायथॉन पॅकेजच्या डिपेन्डन्सी लिहिताना

‘एक ओळ वाढवायची, तासाभराचं काम,’ असं मला माझ्या पॅकेजच्या डिपेन्डन्सी, म्हणजे त्याला लागणारी दुसरी पॅकेजेस, लिहिण्याबद्दल सांगितलं गेलं होतं. तीन दिवस गेले. अजून चिडलेलोच आहे, तेव्हा सल्ला थोडा तिखट लागेल.

आधी एखादं पॅकेज पायपीआयवर (पायथॉन पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारावर) चढवलं असेल आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हेन्व, म्हणजे प्रकल्पापुरती पायथॉनची वेगळी जागा) बनवता येत असेल, तरच या वाटेला या.

पहिल्या दिवशी सगळं सेटअप.पाय या जुन्या पद्धतीच्या फाइलमधून पायप्रोजेक्ट.टॉमल या नव्या फाइलमध्ये हलवलं. निवांत झालं, सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी खिंड. पायथॉन 3.12 वर माझं पॅकेज बिनबोभाट इन्स्टॉल व्हायचं आणि इम्पोर्ट केलं की कोसळायचं : ‘पीकेजी_रिसोर्सेस’ हे मॉड्यूल सापडत नाही. माझ्या मशीनवर मात्र ठणठणीत! हे मॉड्यूल यायचं सेटअपटूल्स या पॅकेज बांधायच्या साधनातून, आणि 3.11 पर्यंत नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप पडायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या 3.12 ने ते बंद केलं. म्हणजे मी ही डिपेन्डन्सी कधी लिहिलीच नव्हती, इतकी वर्षं विनातिकीट प्रवास चालला होता.

मग एका जाणत्याचा सल्ला : ‘बिल्ड-सिस्टिमखालच्या रिक्वायर्समध्ये सेटअपटूल्स टाक.’ अहो, ते तिथे होतंच! पेप 518 (पायथॉनच्या सुधारणा-प्रस्तावांपैकी एक) मधून आलेली ती यादी फक्त बांधणीपुरती असते. पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) त्यासाठी तात्पुरतं वेगळं एन्व्हायर्नमेंट उभारतो आणि व्हील (इन्स्टॉल करायची तयार फाइल) तयार झालं की मोडून टाकतो. कोड चालताना जे लागतं ते प्रोजेक्टखालच्या डिपेन्डन्सीजमध्येच लिहायचं. एवढं कळायला अर्धा दिवस गेला.

यापेक्षा वाईट मी स्वतः केलं. तूर्त ठिगळ म्हणून रिक्वायर्स-पायथॉनमध्ये (पॅकेज कोणत्या पायथॉनवर चालेल ते सांगणाऱ्या ओळीत) ‘<3.12’ लिहून माझ्या पॅकेजची 1.4.1 आवृत्ती सोडली. वाटलं, 3.12 वाल्यांना निदान स्पष्ट नकार मिळेल. पण पिपला 1.4.1 चालेना, म्हणून तो चूं न करता मागे सरकला आणि 1.4.0 उचललं. त्यात वरची मर्यादा नव्हती, पीकेजी_रिसोर्सेसचा तोच मोडका इम्पोर्ट मात्र होता! पायपीआयवर एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, त्यामुळे जुनी मेटाडेटा, म्हणजे पॅकेजसोबतची माहिती, दुरुस्तही होत नाही. लायब्ररीला पायथॉनची वरची मर्यादा घालूच नका. खालची हवीच.

तिसऱ्या दिवशी पीकेजी_रिसोर्सेस काढून टाकलं. मला त्यातून फक्त व्हर्जन वाचायचं होतं. ते इम्पोर्टलिब.मेटाडेटा करतं, आणि ते 3.8 पासून पायथॉनमध्येच आहे. 1.4.2 सोडलं, मग जेवलो.

आता तुमच्यासाठी. ‘पिप चेक’वर विसंबू नका. मला तो ‘काही मोडलेलं नाही’ म्हणत राहिला, कारण तो फक्त जाहीर केलेल्या डिपेन्डन्सी तपासतो, विसरलेल्या त्याला दिसणार कशा? व्हील बांधा, अगदी कोऱ्या व्हेन्वमध्ये टाका, सोर्सच्या फोल्डरबाहेर जाऊन इम्पोर्ट करा. व्हील ही झिपच असते. ती उघडून मेटाडेटा फाइलमधल्या ‘रिक्वायर्स-डिस्ट’च्या, म्हणजे जाहीर डिपेन्डन्सींच्या, ओळी डोळ्यांनी वाचा. रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी मध्ये लिहिलेलं तिथे आपोआप पोचत नाही. आणि यादीत इम्पोर्टचं नाही, वितरणाचं (पायपीआयवरचं) नाव लागतं : कोडमध्ये ‘यॅमल’, यादीत ‘पायवायएएमएल’.

‘~=’ वापरणाऱ्यांनो, ‘~=1.4’ म्हणजे 1.4 पासून 2.0 च्या आतलं सगळं, आणि ‘~=1.4.2’ म्हणजे 1.4.2 पासून 1.5 च्या आतलंच. एका टिंबाचा फरक. आणि लायब्ररीत ‘==’ लिहून वापरणाऱ्याला खिळवून ठेवणं हा शुद्ध जुलूम. पायटेस्ट (चाचण्या चालवायचं साधन) मुख्य यादीत टाकून प्रत्येकाला ते ओझं वाहायला लावणं ही तर लूटच.

1.4.1 यँक केलंय, म्हणजे पायपीआयवर मागे घेतलंय. तरीही कुणी ‘==1.4.1’ लिहून ठेवलं असेल तर पिप त्याला ते देणारच. त्याबद्दल क्षमस्व.