तुम्ही विचारलंत म्हणून : फौजेत नोकरी किती वर्षांची?

आमच्या सातारा भागात फौजेतून परत आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणायची पद्धत आहे. मी हवालदार म्हणून पेन्शन आलो, पण गावात मेजरच. पहाटे माळावर भरतीची तयारी करणारी पोरं पळायला येतात, त्यांना मी पळवतो. त्यांचे आईवडीलही येतात आणि हमखास विचारतात, “मेजर, मिलिटरीत नोकरी किती वर्षं असते?” मागच्या आठवड्यात एका ताईंनी तेच विचारलं, आणि वर म्हणाल्या, “तुम्ही २६ वर्षं केली. तुमचे जोडीदार तुमच्याबरोबरच भरती झाले होते ना? ते १७ वर्षांतच घरी आले. त्यांचं काही चुकलं होतं का?”

ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हा प्रश्न मी गावात इतक्या वेळा ऐकलाय, की आता सविस्तरच लिहावं असं वाटलं.

२०२२ च्या आधी भरती झालेल्या जवानाची नोकरी हुद्द्यावर ठरते. शिपाई राहिला तर १७ वर्षं, नायक झाला तर २२, हवालदार २४, नायब सुभेदार २६, सुभेदार २८ आणि सुभेदार मेजर ३२. त्यावर दोन वर्षांची वाढ मिळू शकते. माझी २४ अधिक २ अशी २६ झाली. शिवाय प्रत्येक हुद्द्याला वयाची मर्यादा असते, दोन्हींत जे आधी भरेल ते. ऑफिसर साहेबांचा हिशेब वेगळा असतो. कर्नल साहेब ५४ व्या वर्षापर्यंत राहतात, लेफ्टनंट जनरल ६० पर्यंत. पण माळावर पळणारी पोरं जवान म्हणून लागणार, म्हणून मी जवानाचंच सांगतो.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी हवालदार व्हावं की! दहा जणांच्या सेक्शनमध्ये हवालदार एक असतो आणि त्याच्या हाताखाली नायक एक. आठशेच्या आसपास माणसांच्या पलटणीत सुभेदार मेजर एकच. जागाच तेवढ्या. वरचा हुद्दा मिळवायला कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, पास व्हावं लागतं, मेडिकल ठीक असावं लागतं, आणि जागा निघेल तेव्हा तुमचा नंबर लागावा लागतो. चांगले, शूर, कामाचे कितीतरी जवान शिपाई म्हणून घरी येतात. ही नापासांची यादी नव्हे. तसं कुणी बोललं की मला आजही राग येतो.

माझा हा जोडीदार आणि मी १९९५ साली एकाच दिवशी बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग केंद्रात, दाखल झालो. दोघंही १९ वर्षांचे. काळ्या पेट्या शेजारी शेजारी, पलंगही शेजारी. उस्तादाची शिट्टी वाजायच्या आत तो उठलेला असायचा आणि मला हलवायचा. कसम परेडला एकाच रांगेत होतो. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणताना त्याचा आवाज माझ्या कानात घुमायचा. पळण्यात तो माझ्यापेक्षा सरस, फायरिंगला तर कंपनीत त्याच्या तोडीचे दोघंतिघंच.

पुढं काश्मीरमध्ये बर्फात गस्तीवर असताना त्याचा पाय घसरला आणि गुडघा गेला. दोन वेळा हॉस्पिटल झालं. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, खाली आली. त्याच्याबरोबरची पोरं कॅडरला गेली तेव्हा हा स्टोअरमध्ये कंबल मोजत होता. शिपायाची १७ वर्षं २०१२ साली भरली, आणि कॅटेगरी खालची असल्यामुळं दोन वर्षांची वाढही मिळाली नाही. ३६ व्या वर्षी तो सातारा स्टँडवर उतरला. त्याची मुलगी तेव्हा पाचवीत होती.

गावात कुजबुज सुरू झाली. एवढा तरणाबांड माणूस घरी कसा? काढून टाकला की पळून आला? तो कुणालाच काही सांगायचा नाही. वर्षभर तर पारावरसुद्धा बसला नाही.

एवढ्या तरुणपणी घरी का पाठवतात, हेही लोक विचारतात. फौजेला, त्यातही पायदळाला, तरुण शरीर लागतं. हत्यार आणि सामान अंगावर घेऊन पाच किलोमीटर पळायची परीक्षा, दोरावर चढणं, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणं, हे आम्हाला वरचेवर द्यावं लागायचं. चौदा हजार फुटांवर रात्रीचा पहारा पन्नाशीच्या माणसाकडून कसा होणार? नियमामागचं कारण मला पटतं. माझ्या चुलत आजोबांच्या वेळी तर सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं रिझर्व, असा हिशेब होता. घरी येऊन नांगर धरायचा, पण बोलावणं आलं की पेटी उचलायची.

जवानाला पेन्शन बसायला किमान १५ वर्षं लागतात. शिपायाची १७ होतात, म्हणजे पेन्शन मिळते. पण ज्या वयात गावातला मास्तर किंवा तलाठी पगारवाढी घेत असतो, त्या वयात जवानाचा पगार थांबून पेन्शन सुरू होते. पुढचे वेतन आयोग त्याला नोकरीत असताना मिळतच नाहीत. ‘वन रँक वन पेन्शन’ची, म्हणजे हुद्दा आणि नोकरी सारखी तर कधीही घरी आला तरी पेन्शन सारखी, ही मागणी एवढी वर्षं चालली, ती याचसाठी. २०१५ साली सरकारनं ती १ जुलै २०१४ पासून लागू केली, तेव्हा जोडीदाराच्या घरी आम्ही पेढे खाल्ले.

आणखी एक हिशेब घरच्यांनी करावा. वर्षाला ६० दिवसांची मोठी सुट्टी आणि ३० दिवसांची कॅज्युअल, म्हणजे कागदावर ९०. सगळी मिळाली असं धरलं तरी २६ वर्षांत साडेसहा वर्षंसुद्धा घरी होत नाहीत. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या ठाण्यावर, क्वार्टर मिळालं तेव्हा बायकामुलं जवळ राहिली, तो काळ सगळा मिळून पाचेक वर्षांचा. माझे वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. २६ वर्षं म्हणताना ही वर्षं घरच्यांनीही केलेली असतात. माझ्या बायकोनं तर माझ्यापेक्षा जड केली.

ताईंच्या पोराला मात्र यातलं थेट काहीच लागू होत नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता जवान अग्निवीर म्हणून लागतो, चार वर्षांसाठी. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होणार आणि आणखी १५ वर्षं करणार. बाकीच्यांना सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षांनंतर एकरकमी, साधारण ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, पेन्शन नाही. आधीची चार वर्षं पुढं कायम झालेल्यांच्याही पेन्शनीत धरत नाहीत. माझं मत विचाराल तर चार वर्षं थोडी आहेत. हत्यार हातात लवकर बसतं, पण पलटण अंगात मुरायला त्याहून जास्त काळ लागतो. मी स्वतः सहाव्या-सातव्या वर्षी खऱ्या अर्थानं जवान झालो. आणि बाविशीत परत आलेल्या पोरालाही गाव हेच विचारणार असेल, “तुझं काय चुकलं?”, तर त्या पोरानं तोंड कुठं लपवायचं?

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडानं दिलं नाही. जोडीदाराला विचारून त्याचं डिस्चार्ज बुक घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. घरी पाठवताना पलटण त्यात जवानाच्या चारित्र्याचा शेरा लिहिते. त्याच्या पुस्तकात लिहिलंय, ‘एक्झम्प्लरी’. याच्या वरचा शेरा फौजेत नाही. त्यांना इंग्रजी वाचता येईना, म्हणून पोरानं वाचून दाखवलं. “म्हणजे काय रे?” तर पोरगा म्हणाला, “आई, म्हणजे दुसऱ्यांनी बघून शिकावं असा.”

त्या काही बोलल्या नाहीत. पुस्तक पदरानं पुसून त्यांनी परत दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोडीदार स्वतःहून माळावर आला. गुडघ्याला पट्टा होता. माझ्या हातातलं स्टॉपवॉच त्यानं मागून घेतलं. ताईंच्या पोराचे सोळाशे मीटर संपले तेव्हा तो ओरडला, “पाच चाळीस! अजून दहा सेकंद काढायचीत. पाणी पिऊ नको लगेच, चालत राहा.”