स्पेंट वॉशचा गॅस आणि गंधकाची कटकट

हंगाम सुरू झाला की वाळवा-पलूस पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर डिस्टिलरीचा वासही येतो. मळीपासून (मोलॅसिस; प्रेसमडलाही आपल्याकडं मळीच म्हणतात, ती वेगळी) एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश उरतो. गडद चॉकलेटी, वाफाळता, पीएच ४ च्या आसपास आणि सीओडी (पाण्यातली घाण कुजवायला-जाळायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप) लाखाच्या घरात.

सीओडी लिटरला १ लाख मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरमागे १०० किलो. पाणी ३६-३८ अंशांपर्यंत थंड करून डायजेस्टरला (हवाबंद टाकी, जिथं जिवाणू घाण कुजवून बायोगॅस करतात) दिलं, ६५ टक्के सीओडी गेला आणि गेलेल्या किलोमागे अर्धा घनमीटर गॅस धरला, तर स्पेंट वॉशच्या घनमीटरमागे ३२ घनमीटर. रोज ३०० घनमीटर स्पेंट वॉश असेल तर साडेनऊ हजार घनमीटर गॅस. हे झालं कागदावरचं.

अडतं ते गंधकापाशी. रस साफ करायला कारखान्यात गंधक जाळतात, त्याचा अंश मळीत उतरतो. फर्मेंटेशनला सल्फ्युरिक ॲसिड घातलं की त्यात आणखी भर. स्पेंट वॉशमध्ये हे सगळं सल्फेटच्या रूपात येतं. सल्फेटमुळे गॅस घटतो अशी ओरड असते, पण १ ग्रॅम सल्फेट जेमतेम ०.६७ ग्रॅम सीओडी खातं. लिटरला ५ ग्रॅम सल्फेट असलं तरी १०० पैकी जेमतेम ३.३५ ग्रॅमच गेले. खरा घात त्यातून होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. पीएच ७ ला तो निम्मा मोकळा असतो, ६.७ ला दोन तृतीयांश; आणि मोकळाच गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारतो. म्हणजे पीएच घसरला की विष वाढतं, विष वाढलं की ॲसिड साचून पीएच आणखी घसरतो.

म्हणून पीएच मीटरवर विसंबू नका. अल्कलिनिटी (ॲसिड झेलून पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद) संपेपर्यंत तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. रोज सकाळी डायजेस्टरमधला १० मिली गाळलेला नमुना डिस्टिल्ड वॉटरनं ५० मिली करा. ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिडनं आधी ५.७५, मग ४.३ पीएचपर्यंत उतरवा. दुसऱ्या टप्प्याला लागलेलं ॲसिड भागिले पहिल्याला लागलेलं; आकडा मोठा म्हणजे साचलेलं ॲसिड जास्त. ०.३ च्या आसपास ठीक. तुमच्या डायजेस्टरचा नेहमीचा आकडा थोडा वेगळा असेल, तो वहीत हवा. दोन दिवस सलग चढला तर फीड (आत जाणारा स्पेंट वॉश) निम्मं करा, रिसर्क्युलेशन (टाकीतलंच पाणी परत फिरवणं) चालू ठेवा. चुन्याची पोती ओतू नका, कॅल्शियम कार्बोनेट होऊन पाइपांत थर बसतो.

गॅसमध्ये ३ टक्के हायड्रोजन सल्फाइड निघाला तर वरच्या हिशोबानं रोज पावणेचारशे किलो गंधक. तसाच इंजिनला दिला की ऑइल आंबट होतं, तांब्या-पितळेचे भाग काळे पडून झिजतात. सोडा स्क्रबर (कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं गॅस धुणारं यंत्र) आणि जिवाणूंच्या टाकीत हेच गंधक पिवळट गाळ होऊन शेतीसाठी मिळतं, फक्त हवा मोजून हवी. जास्त झाली तर गंधकाचं पुन्हा सल्फेट होतं आणि कॉस्टिकचा खर्च चढतो.

स्पेंट वॉशमधला पोटॅश मात्र डायजेस्टरमधून जसाच्या तसा बाहेर येतो. पाणी आटवून इन्सिनरेशन बॉयलरला जाळलं की राखेत उतरतो, किमान १४.५ टक्के भरला तर पीडीएम (मोलॅसिसपासून मिळणारं पोटॅश) खत म्हणून विकता येतो. मात्र गॅस आधी काढून घेतल्यामुळे जळण्याजोगं कमी उरतं, बगॅस जास्त लागतो. शिवाय पोटॅशची राख लवकर वितळते आणि सुपरहीटरच्या (बॉयलरमधली वाफ आणखी तापवणाऱ्या) ट्यूबांना चिकटते.