आमची वाटचाल : मोजणीचा धंदा आणि कोपऱ्याचा प्लॉट

२००१ मध्ये गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा कायदा आला आणि नागपुरात ज्याच्या हातात टेप तो सर्वेअर झाला. आम्ही त्याच्या आधीपासून या धंद्यात आहो, हे अगोदर सांगून टाकतो, कारण पुढची सगळी कटकट तिथूनच सुरू होते. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ५७२ आणि १९०० लेआउटमधले लोक तेव्हा आरएलसाठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी धावत होते, कोणाला नकाशा पाहिजे, कोणाला जागेची मोजणी पाहिजे, आणि आमची स्कूटर मागे ट्रायपॉड बांधून मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, वाठोडा अशी दिवसभर फिरायची. काम मिळत गेलं, ऑफिस भाड्याचं होतं ते स्वतःचं झालं, पोट्टे शिकले.

आमच्या हत्यारांबद्दल मात्र सांगतोच. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारी इलेक्ट्रॉनिक मशीन, घ्यायच्या आधी आमच्याकडे एक जुना थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) होता आणि ३० मीटरचा स्टीलचा टेप. फायबरचा टेप आम्ही हद्दीच्या कामाला कधी वापरला नाही, तो ओढला की लांबतो, आणि बघणाऱ्याला ते कळतही नाही. स्टीलचा टेपसुद्धा मे महिन्यात फसवतो, वीस डिग्री तापमान वाढलं की ३० मीटरला जवळपास ७ मिलीमीटर फरक पडतो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सहालाच साइटवर. दुपारी तर जमिनीवरून झळा निघतात, दुर्बिणीतून खुंटी नाचताना दिसते. ज्या गावात झिरो माइल हा इंग्रजांच्या काळातला मोजणीचा दगड आहे, त्या गावात मोजणी अशी हलक्यात घेतलेली पाहिली की डोकं फिरतं.

आता मुद्द्याचं. मानेवाड्याकडे एका लेआउटमध्ये कोपऱ्याचा ३० बाय ५० चा प्लॉट, मालक एसटीतून रिटायर झालेले काकाजी. लाइनमधल्या पहिल्या माणसाने कंपाउंड बांधताना भिंतीची जाडी आपल्या प्लॉटमध्ये न धरता शेजाऱ्याकडे ढकलली, दुसऱ्याने त्या भिंतीपासून पुढे ३० फूट मोजले, तिसऱ्याने दुसऱ्याच्या भिंतीपासून, आणि सगळी तूट येऊन पडली कोपऱ्यावर. तुम्हाला हे माहीत असेलच, नागपुरातले अर्धे झगडे असेच आहेत. आम्ही लेआउटच्या मंजूर नकाशावरून दोन्हीकडच्या रस्त्यांच्या मधोमध लाइन काढली, तिथून आत आलो आणि सांगितलं, काकाजी, शेजाऱ्याची भिंत तुमच्या प्लॉटमध्ये १४ इंच आत आहे.

शेजाऱ्याने दुसरी फर्म आणली. नाव घेत नाही, त्यांचे बोर्ड तुम्ही रोज बघता. त्यांचा पोट्टा आला, अर्ध्या तासात त्या भिंतीपासूनच टेप लावला, सगळ्यांना ३० फूट बरोबर भरवून दिले आणि काकाजींना म्हणाला तुमची कमी रस्त्यात गेली असेल. रस्त्यात! एवढं म्हणून थांबले नाहीत, आमची मशीन बिघडलेली आहे असं लेआउटभर सांगितलं, आमच्याकडे कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट होतं, ते कोणी बघायलाही मागितलं नाही. मग ज्या बिल्डरकडून आमचं बहुतेक काम यायचं त्याने फोन उचलणं बंद केलं, जुनं बिल अडकवलं, टोटल स्टेशनचे हप्ते बँकेत चालू, ते थकायला लागले, आणि आमचा सगळ्यात चांगला हेल्पर, ज्याला प्रिझम (मशीनसमोर खुणेवर धरायची काच) धरायला आम्ही शिकवलं, तो त्याच फर्ममध्ये गेला. बायकोने बांगड्या काढून दिल्या, त्या मी अजून पूर्ण सोडवून दिल्या नाहीत असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. मशीन विकून टाकावी इथपर्यंत गोष्ट गेली होती.

टिकलो ते काकाजींमुळे. त्यांनी सरळ नगर भूमापनच्या सरकारी ऑफिसला हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला, फी भरली, लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. तारीख उशिरा लागली, तोपर्यंत दर आठवड्याला माणूस ऑफिसात येऊन बसायचा, काम नसलं तरी, चहा पिऊन जायचा, म्हणायचा तिकिटाचे पैसे जुळले नाही तर मी डेपोतून घरी जात नव्हतो, हेही जुळेपर्यंत थांबतो. भूकरमापक आले, त्यांनी खुणा दाखवल्या, आणि आमची खुंटी त्यांच्या खुणेपासून एक इंचाच्या आत. 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, हातात आली तेव्हा काकाजींनी पहिली झेरॉक्स आम्हाला आणून दिली, ती आज ऑफिसात लावलेली आहे. त्या फर्मने आजपर्यंत एक शब्द नाही काढला. उलट त्यांची जाहिरात असते, त्याच दिवशी मोजणी. करा म्हणा.

आणि एक सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. आमच्यासारख्या खाजगी सर्वेअरचा नकाशा हा तुमच्या माहितीसाठी आणि बांधकामासाठी असतो, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद लागला तर कागद सरकारी मोजणीचाच पाहिजे, हे जो सर्वेअर सांगत नाही त्याला काम देऊ नका. प्लॉट घेताना कर्ण मोजा, ३० बाय ५० चा प्लॉट काटकोनात असेल तर कर्ण ५८ फूट पावणेचार इंच यायला पाहिजे, दोन्हीकडून, चारही बाजू बरोबर भरल्या म्हणून खूश होऊ नका. बेसा, मानेवाडा साइडला काळी माती आहे, तिथे कंपाउंड कलतं, त्याच्या वरच्या टोकावरून मोजू नका, पायथ्याशी मोजा. २०२० च्या बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची पद्धत सोपी केली, आणि आपला १५०० फुटांचा प्लॉट त्यातच बसतो, पण परवानगी सोपी झाली म्हणजे मार्जिन (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) माफ झालं असं लोक धरून चालतात आणि साइड मार्जिनमध्ये जिना काढतात. मग एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकामाची नोटीस आली की आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही काय मोजणार, जिना तर दिसतोच आहे. कॉलम उभे करायच्या आधी बोलवा, प्लिंथला (जोतं झालं की) एकदा परत बोलवा, दुसऱ्या वेळचे पैसे आम्ही कमी घेतो.

शेजाऱ्याने १४ इंच सोडले की नाही, हे सगळे विचारतात. नाही सोडले, प्रकरण कोर्टात आहे, आणि प्रत्येक तारखेला काकाजी आम्हाला गाडीभाडं देतात, आम्ही नको म्हटलं तरी.