सरांनी सांगितलेला हिरवा

आठवीत एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीत आमच्या चित्रकलेच्या सरांनी एका जुन्या पुस्तकातलं कृष्णधवल चित्र दाखवलं होतं. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं ‘बाल्कनी’. कठड्यामागे दोन स्त्रिया, एक पुरुष, पायाशी कुत्रा. सरांनी विचारलं, “कठड्याला रंग कोणता द्याल?” कुणी काळा म्हणालं, कुणी तपकिरी. सर म्हणाले, “हिरवा. चांगला झगझगीत. बाजूची झडपंही हिरवीच.” मूळ चित्र त्यांनीही पाहिलेलं नव्हतं, वाचून ठाऊक होतं. आम्हाला ते खरं वाटलं नाही.

नोकरीमुळे पॅरिसला जाणं झालं तेव्हा ओर्से संग्रहालयात त्या चित्रासमोर उभा राहिलो. जवळजवळ पावणेदोन मीटर उंच चित्र, आणि तो हिरवा! 1869 च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, तो अनेकांना खटकला होता, ते समजू शकतो. पण मला त्याच्यामुळेच पांढरा दिसला. बसलेली बर्थ मोरिसो ही स्वतः मोठी चित्रकार. तिच्या झग्याचा पांढरा त्या हिरव्याशेजारी उजळून निघतो. तिच्या हातातला लाल पंखा, मागे उभ्या गियमे या चित्रकाराचा निळा टाय, एवढेच काय ते रंग मोठ्याने बोलतात.

सर आम्हाला शेडिंग शिकवायचे. उजेडाकडून सावलीकडे हळूहळू, पायरी पायरीने जायचं. माने त्या मधल्या पायऱ्या जवळपास गाळून टाकतो. उजेड रस्त्याकडून थेट समोरून येतो, म्हणून चेहरे सपाट, लख्ख. पाठीमागे खोलीत एकदम काळोख. त्या काळोखात आणखी एक मुलगा उभा आहे, हे मला बऱ्याच वेळाने कळलं. पुस्तकातल्या छपाईत तो पार बुडून गेला होता.

तिथून सरांसाठी एक रंगीत पोस्टकार्ड आणलं. सुट्टीत त्यांच्या घरी गेलो. सर निवृत्त झालेले, नजर अधू. कार्ड घेऊन खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

“खरंच एवढा हिरवा आहे?”

“नाही सर. याहून जास्त.”